गिळलेलं क्रियापद

"सरावकोर्टाची किल्ली मिळे…"

"मिळेल असं सांगताय, की मिळेल का असं विचारताय?" तिने मान वर न करताच विचारलं.

पाच वाजायला सात मिनिटं कमी होती. विधी महाविद्यालयाच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या शेजारी, किल्ल्यांचं काउंटर होतं आणि त्या काउंटरमागे ती. पाठीमागे भिंतीवर लाकडी फळी, फळीवर चोवीस हुक, प्रत्येक हुकाला एक किल्ली. गटाने अभ्यास करायच्या काचेच्या सहा खोल्या, सभागृह, मोफत कायदा सल्ल्याची खोली, तळघरातल्या लॉकरची जादा किल्ली… कुणाला काय हवं, किती वाजेपर्यंत हवं, सगळं तिच्या वहीत. विद्यार्थी तिला किल्लीताई म्हणायचे. पहिल्या वर्षाचे म्हणायचे, शेवटच्या वर्षाचे म्हणायचे, एकदा तर खुद्द प्राचार्य चुकून म्हणून गेले होते. वय वर्षं सव्वीस आणि सबंध इमारतीची ताई! नशीब म्हणायचं, दुसरं काय.

"विचार…" समोरून उत्तर आलं. पुढचं हवेत विरलं.

आता मात्र तिने वर बघितलं. उंच, उन्हाने रापलेला, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेला एक माणूस फाईल छातीशी धरून उभा होता. तोंडओळख होतीच. शेवटच्या वर्षात एकोणतीस वर्षांचा एक विद्यार्थी होता, कायद्याकडे वळण्याआधी सहा वर्षं जमिनी मोजणारा. वर्गातली पोरं त्याला मोजणीदार म्हणायची. तोच हा.

"किती जण?"

"एक."

तिने पेन्सिलीने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवल्यासारखं केलं. 'सरावकोर्ट किमान दोन व्यक्तींनाच देण्यात येईल.' ही पाटी उगाच लागली नव्हती. दोन वर्षांपूर्वी एक पठ्ठ्या एकटाच सराव करता करता न्यायाधीशाच्या खुर्चीत झोपला, रखवालदार कुलूप घालून निघून गेला, आणि सकाळी झाडायला आलेल्या बाईंनी काळा गाऊन घातलेलं ते ध्यान बघून जी किंकाळी फोडली, ती म्हणे चौथ्या मजल्यावर ऐकू गेली.

"दुसरी व्यक्ती येणार…"

"येणार आहे?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग एकदम, सगळं बळ एकवटून म्हणाला, "नाही. येणार नाही. खरं सांगतो, दुसरं कोणी नाहीच. माझ्याबरोबर कोणी सराव करत नाही. म्हणतात, तुझं वाक्य संपलं कधी तेच कळत नाही."

तिला हसू फुटलं. फुटायला नको होतं, पण फुटलं. आणि मग त्याचा चेहरा बघून तिलाच कसंतरी झालं. तिची ड्यूटी पाचला संपायची, बस सव्वासहाला. मधला सव्वा तास ती रोज वाचनालयात बसून काढायची. आज कुठे तरी काढायचाच होता.

"चला," तिने फळीवरची किल्ली उचलली. "पाटीवर दोन व्यक्ती लिहिलंय. दोन वकील असं कुठे लिहिलंय?"

सरावकोर्ट दुसऱ्या मजल्यावर होतं. कागदोपत्री 'सराव न्यायालय', पोरांच्या तोंडी 'लुटुपुटूचं कोर्ट'. तीन पायऱ्या चढून न्यायासन, तिथे उंच पाठीची खुर्ची. खाली डावीकडे साक्षीदाराचा कठडा, दोन बाजूंना वकिलांची दोन टेबलं, मागे बाकांच्या चार रांगा. पश्चिमेच्या लांब खिडक्यांतून पाच वाजताचं ऊन थेट न्यायासनावर यायचं. चार वर्षं ती हे दार उघडत होती, लावत होती. आत बसली मात्र कधी नव्हती.

"मागच्या बाकावर बसते," ती म्हणाली.

"वर बसाल का?" त्याने न्यायासनाकडे हात केला. "मला वर बघून बोलायची सवय करायची…"

"आहे," तिने वाक्य पुरं केलं आणि पायऱ्या चढून जाऊन बसली. पाय जमिनीला टेकेनात.

अडीच महिन्यांनी महाविद्यालयांची मोठी वादस्पर्धा होती. सगळ्या स्पर्धकांना एकच काल्पनिक खटला: कपडे शिवून पोट भरणारी एक बाई, तिची एकुलती एक खिडकी, आणि शेजाऱ्याने त्या खिडकीपुढे उभी केलेली भिंत. बाईचा उजेड गेला. मोजणीदार त्या बाईचा वकील होता.

त्याने घसा साफ केला. "न्यायमूर्ती महोदया, आपल्या परवानगीने सांगू इच्छितो, की माझ्या अशिलाने त्या भिंतीला कधीही संमती दिली…"

"दिली?" ती ताडकन पुढे झुकली. "मग मिटलंच की! कशाला भांडताय? जा घरी."

"नव्हती! दिली नव्हती!"

"ते पोटातच राहिलं तुमच्या."

गंमत अशी, की आपल्या भाषेत सगळा जीव शेवटच्या शब्दात. झालं की व्हायचंय, हो की नाही, मी की तू, सगळं क्रियापद सांगणार, आणि ते महाराज बसणार वाक्याच्या अगदी टोकाला. हा बाबा नेमकं तेच गिळायचा. तिचे वडील चौतीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवून निवृत्त झालेले. लहानपणी पाणी मागताना "बाबा, पाणी…" म्हटलं, की आतून आवाज यायचा, "क्रियापद कुठाय?" तेव्हा तिला हा रोग ओळखायला वेळ लागला नाही. तिने पेन्सिल हातात घेतली. क्रियापद गिळलं की न्यायासनावर टक्. पहिल्या दिवशी एकेचाळीस वेळा टक् झालं.

"हे असं का होतं हो तुमचं?" जिना उतरताना तिने विचारलं.

"शेतात फीत धरून उभं राहायचं. दुसरं टोक धरणारा लांब, मध्ये वारा. ओरडून आकडा सांगितला की काम झालं. वाक्य पुरं करायची कधी गरजच पडली…" तो थांबला, तिच्या हातातल्या पेन्सिलीकडे बघितलं आणि म्हणाला, "नाही!"

दोघंही हसली.

मंगळवार आणि गुरुवार ठरून गेले. पाच वाजता तो काउंटरवर येणार, ती वहीत नोंद करणार, दोघं जिन्याने वर जाणार. लिफ्ट होती, पण ती कोणालाच आठवायची नाही. आत गेल्यावर तो तिला 'आपण' म्हणायचा. आपण लक्ष द्यावं, आपली आज्ञा असेल तर, आपणास विनंती आहे. आणि सहा वाजता ती पेन्सिल खाली ठेवून म्हणायची, "कोर्ट उठलं." की लगेच तो साधा माणूस व्हायचा. "तुम्ही पाणी प्यायलात का? तुमची बस चुकेल हं." कोर्टात आपण, कोर्ट उठल्यावर तुम्ही. यात कधी फरक पडला नाही. एकदा तिने चेष्टेने विचारलं, तर म्हणाला, "सवय मोडली तर त्या दिवशी खऱ्या न्यायाधीशांना 'अहो तुम्ही' म्हणून बसेन."

तिसऱ्या आठवड्यात ती न्यायासनावर बसली, तर पायाखाली काहीतरी लागलं. वाकून बघितलं… एक लाकडी पाट. नीट घासलेला, कडा गोल केलेला. पाय बरोब्बर टेकले, ना कमी ना जास्त.

"हे कुणी?"

"इथे कुणाचे पाय लोंबकळतात ते बघून मी केलाय," तो फाईलीत डोकं खुपसून म्हणाला. क्रियापद स्वच्छ आलं होतं.

"उंची कशी कळली?"

"सहा वर्षं मोजणीच केलीये मी."

"पण मोजलीत कधी?"

"बघून," तो म्हणाला, आणि वर बघितलं. दोन क्षण… फार तर तीन. मग तिने घाईघाईने पेन्सिलीने टक् केलं. क्रियापद नव्हतं, हे खरंच होतं. पण ते टक् त्यासाठी नव्हतं, हे तिचं तिला ठाऊक होतं.

आणि तिथून तिचा जीव टांगणीला लागला. सोमवार जाता जाईना. बुधवार तर अगदीच निकामी वार वाटायला लागला. काउंटरवरून वाचनालयाची काचेची भिंत दिसायची. तिच्या आत, चौथ्या टेबलाच्या कोपऱ्यात तो बसायचा. पान उलटताना मान वर करायचा. ती त्या वेळी हटकून किल्ल्या मोजत असायची. चोवीस किल्ल्या, दिवसातून दहा वेळा! पाच वाजत आले की काउंटरकडे येणारं प्रत्येक पाऊल ती ऐकायची, आणि त्याचं पाऊल ओळखू आलं की वही उघडून फार कामात असल्याचा आव आणायची.

सगळ्यात वाईट काय होतं सांगू? तो इतकं सुंदर बोलायला लागला होता. खिडकीशी बसलेली ती शिवणकामवाली बाई, सुईत दोरा ओवायला धडपडणारे तिचे डोळे, भिंत वर चढताना रोज वीतभर कमी होणारा उजेड… ऐकताना तिला समोर ती खिडकीच दिसायची. "आपल्यावर माझा पूर्ण विश्वास आहे," तो वर बघून म्हणायचा. "आपल्याशिवाय हे कुणी समजून घेणार नाही." इतक्या मानाने, इतक्या मायेने तिच्याशी उभ्या आयुष्यात कोणी बोललं नव्हतं. आणि त्यातलं एक अक्षरही तिच्यासाठी नव्हतं. सगळं त्या खुर्चीसाठी होतं.

"सगळी इमारत तुला ताई म्हणते," एक दिवस डबा खाताना ग्रंथपालबाई म्हणाल्या. पन्नाशीच्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेल्या, आणि जीभ अशी की कायद्याचे प्राध्यापकसुद्धा पुस्तक वेळेत परत करायचे. "तो मोजणीदार एकदा तरी म्हणालाय का? लक्षात आलंय तुझ्या?"

"वयाने मोठा आहे तो माझ्यापेक्षा."

"प्राचार्य साठीचे आहेत. ते म्हणाले की!"

ती भाजी चिवडत बसली.

"बोल ना त्याच्याशी."

"काय बोलू? तो स्पर्धा झाली की चालला. सहा तासांवरच्या गावात एका मोठ्या वकिलांकडे काम मिळालंय त्याला. लगेचच्या मंगळवारी रुजू व्हायचंय."

"म्हणजे तो क्रियापदं गिळतो आणि तू मूग गिळतेस," ग्रंथपालबाईंनी डब्याचं झाकण दाबलं. "छान जोडी आहे. दोघं उपाशी मरा."

शेवटचा सराव गुरुवारी होता. शनिवारी स्पर्धा. बाहेर बारीक पाऊस लागला होता, खिडक्यांवरून पाणी ओघळत होतं, आणि आत त्याचा आवाज… पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत एकदाही पेन्सिल वाजली नाही. एकदाही! त्याने कागद मिटले. तिने पेन्सिल खाली ठेवली.

"कोर्ट उठलं," ती म्हणाली.

तो जागचा हलला नाही. एक हात टेबलाच्या कडेवरून पुढेमागे फिरवत राहिला. मग वर न बघता, अगदी हळू, पूर्वीच्या त्या पुटपुट्या आवाजात म्हणाला, "मग… आता आपण पुढे काय कर…"

पेन्सिल खाली होती. नाहीतर वाजली असती.

आपण पुढे काय करणार. म्हणजे न्यायमूर्ती महोदया पुढे काय करणार. अडीच महिने हेच तर ऐकत होती ती! निरोपाच्या वेळीही तेच मानाचं पान, तोच उंचावरचा आपण. तिला एकदम राग आला, आणि रागावर हसू ओढून ती म्हणाली, "मी काय करणार? किल्ल्या देणार नि किल्ल्या घेणार. आम्हाला कुठे जायचंय?"

त्याने मान वर केली. काहीतरी बोलणार असं वाटलं. पण मग त्याने नुसता आवंढा गिळला.

"बरोबर," तो म्हणाला. "बरोबर आहे तुमचं." आणि फाईल उचलून एकटाच जिना उतरून गेला.

शनिवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. ती दाराशी उभी होती, किल्ल्यांचा जुडगा मुठीत आवळून. समोर खरे तीन न्यायाधीश. तो उठला, वर बघितलं, आणि बोलायला लागला. भिंतीला संमती दिली नव्हती. उजेड अडवला आहे. तो परत मिळालाच पाहिजे. एक एक क्रियापद शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत पोचत होतं. तिला वाटलं ओरडून सांगावं सगळ्यांना, हे माझं आहे, हे मी घासून घेतलंय! त्याला पहिलं बक्षीस मिळालं. पोरांनी त्याला उचललं, नाचवलं. एकदा त्याने दाराकडे बघितलंसं वाटलं. पण नंतर तो दुसऱ्या दाराने निघून गेला.

निदान 'येतो' तरी म्हणायचं! बसमध्ये ती स्वतःशीच धुसफुसत राहिली. जिंकलास ना? झालं तर मग. आम्ही कोण?

रविवारी सकाळी बाबा खिडकीशी बसून वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त करत होते. हा त्यांचा रविवारचा उद्योग. ती समोर चहाचा कप धरून कधीची बसली होती. चहावर साय धरली.

"बाबा," ती म्हणाली, "आपण म्हणजे कोण?"

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. आई गेल्यापासून इतका आवडता प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता.

"सोपा वाटतो का प्रश्न तुला? समोरच्याला मान द्यायचा तर आपण. बोलणारा आणि ऐकणारा दोघं मिळून, तेही आपण. शब्द तोच. एकात दोघांच्या मध्ये अंतर ठेवलेलं, आणि एकात ते काढून टाकलेलं."

"मग कळायचं कसं कुठला कुठला?"

"क्रियापदावरून! आपण काय करणार आहात, म्हणजे तुम्ही. आपण काय करायचं, म्हणजे दोघांनी."

तिने कप खाली ठेवला. "आणि क्रियापद ऐकूच आलं नाही तर?"

"असं कसं? कोण बोललं असं अर्धवट?"

"समजा बोललं कोणी."

बाबांनी चष्मा काढला, लेकीकडे नीट बघितलं, आणि पुन्हा घातला. "मग बोलणारा एरवी ऐकणारीला काय म्हणतो ते बघायचं."

ऐकणारीला. ती गोरीमोरी झाली. "कोर्टात आपण म्हणतो. कोर्ट उठलं की तुम्ही. नेहमी."

"चुकून कधी?"

"कधीच नाही."

"मग हे कोर्टात म्हणाला की नंतर?"

ती उत्तर द्यायला गेली आणि तोंड तसंच उघडं राहिलं. पेन्सिल खाली ठेवली होती. तिने स्वतः, स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं… "बाबा! कोर्ट उठलं होतं!"

"उठलं होतं ना?" बाबांनी वर्तमानपत्र उचललं. "मग तू का बसली आहेस?"

पण रविवार होता. इमारतीला कुलूप, त्याचा फोन नंबर वहीत, आणि वही इमारतीत. तो दिवस तिने कसा काढला ते तिलाच माहीत. दोनदा कपाट आवरलं. 'आम्हाला कुठे जायचंय' हे स्वतःचंच वाक्य आठवून तीनदा कपाळावर हात मारून घेतला. त्याने विचारलं काय, आणि मी बोलले काय! माणूस एवढा जीव मुठीत धरून 'आपण' म्हणाला आणि मी तोंडावर 'आम्ही' फेकला. उद्या तो लॉकरची किल्ली परत करायला येणार होता. यावंच लागायचं, तिच्या सहीशिवाय कोणाला दाखला मिळत नसे. एक वाजताची त्याची बस. त्याच्या आत बोलली नाही, तर मग जन्मभर किल्ल्याच मोजायच्या होत्या.

सोमवारी तो साडेअकराला आला. खांद्याला मोठी बॅग. मागे चार-पाच विद्यार्थ्यांची रांग.

"लॉकर क्रमांक त्र्याऐंशी," त्याने किल्ली काउंटरवर ठेवली. "सही हवी आहे."

सगळी क्रियापदं जागच्या जागी. तिने सही केली नाही. वही ओढली, आणि त्याच्या डोळ्यांदेखत लिहिलं: सरावकोर्ट, वेळ साडेअकरा, व्यक्ती दोन.

"ताई, मला गटखोली तीन…" मागून कोणीतरी म्हणालं.

"पंधरा मिनिटं थांबा."

"पण ताई—"

"थांबा म्हटलं ना!" चार वर्षांत किल्लीताईचा असा आवाज कोणी ऐकला नव्हता. रांग चूप झाली. काचेपलीकडे ग्रंथपालबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

दोघं जिन्याने वर गेली. आत गेल्यावर तो सवयीने आपल्या टेबलाशी गेला. ती न्यायासनाच्या पायऱ्या चढली नाही. खालीच, त्याच्या समोर, हातभर अंतरावर उभी राहिली.

"गुरुवारी तुम्ही मला काहीतरी विचारलंत. त्याचा शेवटचा शब्द मला ऐकू आला नाही."

"उत्तर दिलंत की तुम्ही."

"मी भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. मला वाटलं, तुम्ही त्या खुर्चीशी बोलताय." तिने मागे हात केला. "अडीच महिने मी खुर्चीचाच हेवा करत बसले. पुन्हा विचारा. पूर्ण विचारा."

त्याने बॅग खाली ठेवली. ओठ हलले, थांबले. शनिवारी तीन न्यायाधीशांपुढे न अडखळलेला माणूस… आता एका वाक्यापाशी अडखळत होता.

"आपण," तो म्हणाला, "पुढे काय… करायचं?"

करायचं. करणार नव्हे, करायचं! तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"दोघांनी?"

"दोघांनी. मी मनातल्या मनात कितीदा पूर्ण म्हटलं होतं ते. आणि तुम्ही म्हणालात, मी काय करणार, तेव्हा वाटलं, बरोबर आहे, हिने का म्हणून काही करावं… तुमच्या काउंटरपासून या दारापर्यंत एकशे बारा पावलं आहेत. मी हळू चाललो तर एकशे तीस होतात. मी मुद्दाम हळू चालायचो."

"मला वाटायचं जिना लांब आहे," ती रडता रडता हसली. "मला मंगळवार आणि गुरुवार सोडून वारच नकोसे झालेत. तुम्ही मला आवडता. हे मी खाली रांगेसमोरच बोलणार होते, पण मग दाखल्यावर चुकीची सही झाली असती."

त्याने हात पुढे केला. तिने त्यात हात दिला. पेन्सिल धरून धरून तिच्या मधल्या बोटाला घट्टा पडला होता, त्यावरून त्याने अंगठा फिरवला.

"बस एकची आहे," शेवटी तो म्हणाला.

"माहीत आहे."

"सहा तास लांब."

"तेही माहीत आहे. आणि बाबांना एकटं टाकून मला लगेच कुठे जाता यायचं नाही. आणि तुम्हाला ते काम सोडता यायचं नाही, मी सोडू देणारही नाही." तिने डोळे पुसले. "तेव्हा काय करायचं ते मलाही सांगता येत नाही."

"दर पंधरा दिवसांनी शनिवारी मी येईन."

"या. बाबांना भेटा. पण सांभाळून बोला, ते माझ्यापेक्षा कडक आहेत. आणि फोनवर पुटपुटलात तर ठेवून देईन."

"ठेवून देशील?"

देशील! तिने झटकन वर बघितलं. त्याच्या कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या होत्या, पण नजर हलली नाही.

"नाही ठेवणार," ती हळूच म्हणाली. "तू बोल तर खरा."

खाली कुठेतरी लिफ्टची घंटा वाजली. पंधरा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. गटखोली तीनवाला बिचारा अजून ताटकळत असणार, रांग वाढली असणार, आणि या दोघांना हात सोडायचं सुचत नव्हतं. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

"कोण आहे आत?" ग्रंथपालबाईंचा आवाज.

तो उत्तर द्यायला वळला. पण ती आधी बोलली, मोठ्याने, शेवटच्या शब्दापर्यंत.

"आम्ही आहोत."

बाहेर चष्म्याची साखळी किणकिणली.

"बरं," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "मग मी देते खाली किल्ल्या."